साडेपाचची प्रार्थना

भस्म बुधवारच्या आदल्या रात्री मामांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. उद्यापासून उपवासकाळ (लेंट) सुरू. पहाटे साडेपाचला सर्वांनी आपापल्या घरी अर्धा तास प्रार्थनेला बसावे, वाचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून करावे आणि झाल्यावर ग्रुपवर कळवावे. लगेच ताईचे उत्तर आले, "मामा, येशूने दार लावून घ्यायला सांगितलंय, ग्रुपवर टाकायला नाही." कुणी हसरा चेहरा टाकला, कुणी हात जोडले आणि ग्रुप गप्प झाला. आमच्या घरातले वाद असेच गप्प होतात आणि रविवारच्या जेवणापर्यंत मुरत राहतात.

मामा निवृत्त गणित शिक्षक, चर्चच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून निवडून आलेले. ताई स्टाफ नर्स, अतिदक्षता विभागात. दोघेही श्रद्धावान आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचे की एक आस्तिक, एक नास्तिक आणि मधे मी पंच. तसे असते तर वाद सोपा झाला असता.

त्या रविवारी न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चमधली उपासना आटोपून सगळे मामांकडे जेवायला जमलो. लेंटमध्ये त्यांच्या घरी मटण शिजत नाही. कोल्हापुरात चाळीस दिवस तांबडा-पांढरा रस्सा सोडणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचे नाही. पानात वांगे, आमटी, भाकरी आणि खर्डा. पहिला घास पोटात जायच्या आत ताईने तोंड उघडले.

ताई : मामा, प्रार्थनेचं मला वावडं नाही. पण हे साडेपाच कुणाचे? साडेपाचला मी वॉर्डात असते. नाइट संपत आलेली असते, सगळ्यांचे बीपी-टेंपरेचर घ्यायचे असतात, रात्रभराच्या लघवीची बेरीज मांडायची असते.

मामा : ड्युटीवर असलेल्यांना सूट आहे.

ताई : बघा, सूट म्हटली की हजेरी आलीच. आणि जी ड्युटीवर नाही, ती साडेपाचला पाणी भरत असते नाहीतर डबा करत असते. तुमची पहाट पेन्शनीतल्या पुरुषाची आहे. तुम्ही साडेपाचला बसता, म्हणून मामी पाचला उठून चहा ठेवते.

स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "चहाचं मी काय म्हणत नाही. पण तासभर नावं घेत असतात, त्यात माझं नाव कधी आलं तर बघा!" मामांनी हा मुद्दा ऐकूच आला नाही असे दाखवले. चाळीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाला ते जमते.

मामा : येशू स्वतः उजाडायच्या आधी उठून एकांतात गेला, हे मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे. त्याला गरज वाटली, तर आपल्याला नको?

ताई : गेला की. पण परत येऊन पेत्राला विचारलं का, तू किती वाजता उठलास? आणि लूकच्या अठराव्यात मंदिरात दोघं उभे आहेत. परूशी सांगतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशमांश देतो. जकातदाराला वर बघायचं धाडस होत नाही. नीतिमान ठरून घरी कोण गेला? कृपा फुकट आहे, असं तुम्हीच संडे स्कूलला शिकवलंत. फुकटच्या वस्तूला रांग कशाला लावायची?

इथे ताईचे पारडे जड आहे, असे मला वाटले आणि अजूनही वाटते. आमचा प्रॉटेस्टंट पंथच मुळी या तक्रारीतून जन्मला. उपास-तापास करून देवाकडे पुण्य जमा होत नाही, हे सांगण्यासाठी युरोपात केवढी उलथापालथ झाली. आणि आज आमच्याच मंडळ्यांमध्ये ज्यांची रविवारची जागा कधी रिकामी दिसत नाही, अशी काही माणसे चर्चच्या जागांच्या खटल्यांत कोर्टाची पायरीही तितक्याच नेमाने चढतात. ताईने हेही बोलून दाखवले. मामा थोडा वेळ भाकरी मोडत राहिले.

मामा : खटल्यांचं खरं आहे. तालमीत जाणारा प्रत्येक जण पैलवान होत नाही. काही नुसते गुंड होतात. म्हणून तालमी बंद करायच्या?

तालीम निघाली की मामा रंगतात. लहानपणी ते शाहूपुरीच्या तालमीत जात. वस्ताद हौदातली लाल माती पोरांकडून खणून घेत. तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस पडे, आणि माती हातात धरली तर ढेकूळ होईल पण चिकटणार नाही, इतकी ती मळावी लागे. पहिले कितीतरी दिवस कुस्ती नाहीच. माती खणायची, जोर-बैठका मारायच्या, घरी जायचे. डाव शिकवा म्हटले की वस्ताद म्हणत, आधी दम येऊ दे.

मामा : पौल करिंथकरांना हेच लिहितो. मैदानात उतरणारा सगळ्या बाबतींत स्वतःला आवरतो. तीमथ्याला तर स्पष्टच सांगितलंय की शरीराची कसरत थोडक्या कामाची, सुभक्तीची कसरत या जन्मी आणि पुढेही कामाची.

ताई : थोडक्या कामाची म्हणाला, बिनकामाची नाही म्हणाला. तुमची शुगर बघता तेवढी तरी करा. आणि पैलवानाला एक दिवस खासबागेच्या मैदानात उतरायचं असतं. तुमची कुस्ती कुणाशी?

मामा : कधी लागेल ते माहीत नाही, हीच तर अडचण. जोड कोण, तेही आधी कळत नाही.

ताई : गेल्या गुड फ्रायडेला कळलं की! सात उद्गारांच्या उपासनेत तिसऱ्या उद्गारालाच तुम्हाला दरदरून घाम फुटला. पर्समधली लिमलेटची गोळी मी तुमच्या तोंडात घातली. शुगरच्या माणसाने निरंकार उपास धरायचा नसतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मामा : घातलीस, मी खाल्ली. उपास मोडला. देव रागावला नाही.

ताई : मग धरला कशाला?

मामा : मोडला म्हणून तर समजलं की मी उपासावर जगत नाही. तुझी ती फुकटची कृपा मला त्या गोळीसोबत मिळाली. धरलाच नसता, तर मोडला कसा असता?

ताई हसली. पण हे उत्तर चलाखीचे नव्हते. नेम धरणाऱ्यालाच नेम अपुरा पडतो हे समजते. ज्याने धरलाच नाही, त्याला आपली ताकद केवढी याचा अंदाजच नसतो. तरी शुगरच्या माणसाने उपास धरू नये, हे मी ताईच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

मग मामांनी आपले आवडते प्रकरण काढले. मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. शाळांवर किती भर द्यावा यावरून अमेरिकेतल्या बोर्डाशी त्यांचे बिनसले, तरी त्यांनी कोल्हापूरचे काम सोडले नाही. 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने त्यांना आणि त्यांच्या कामाला पदरात घेतले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथेच जन्मला. पुढे कुटुंब अमेरिकेला परतल्यावर प्रिन्स्टनला रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस रोज रात्री प्रार्थनेला बसत. मागणे एकच, मिशनच्या कामासाठी विद्यार्थी उभे राहावेत. 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनला विद्यार्थ्यांची परिषद भरायची होती. शंभर जण उभे राहतील, असे ग्रेसने भावाला आधी सांगितले होते. परिषद संपली तेव्हा शंभर सह्या झाल्या होत्या. त्यातून निघालेल्या विद्यार्थी चळवळीने पुढच्या काही दशकांत सुमारे 20,000 माणसे जगभर पाठवली. ग्रेस मात्र पुन्हा इकडे आली आणि उरुण-इस्लामपूरच्या खेड्यापाड्यांत राबली.

मामा : कोल्हापूरच्या पोरांनी रोज रात्री गुडघे टेकले, म्हणून जग हललं.

ताई : मामा, ग्रेसबाईंनी शंभर मागितले, शंभर मिळाले. मी रोज रात्री एक मागते. एकच. व्हेंटिलेटरवरचं एक पोर, एखादी बाळंतीण. सकाळी बेड रिकामा असतो आणि मी चादर बदलते. तुमच्या गोष्टीत मोजलेलं मिळतं. माझ्या वॉर्डात मिळत नाही. मग माझा नेम कमी पडला म्हणायचं?

कुणी काही बोलेना. आमची मंडळी ग्रेसची गोष्ट नेहमी सांगते ती या शंभर आकड्यासाठी, आणि मला ते कधी पटले नाही. आकडा जुळला म्हणून प्रार्थना खरी, असे एकदा म्हटले की आकडा न जुळलेल्या लाखो प्रार्थना खोट्या ठरतात. प्रिन्स्टनच्या त्या रात्रींपेक्षा पुढची वर्षे मला मोठी वाटतात. मागितलेले मिळाल्यावरही ही बाई जिथे टाळ्या पडत होत्या तिथे न राहता वाळव्याच्या रानात आली.

मामा बराच वेळ ताईकडे बघत राहिले. मग बोलले ते हळू आवाजात.

मामा : नाही. तुझा नेम कमी पडला नाही. मी रमाबाईंचं सांगतो. शंभराचं सोड.

पंडिता रमाबाईंचे आई-वडील दुष्काळात गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती सदन उभे केल्यावर त्यांनी बायबलचे भाषांतर हाती घेतले. तेही इंग्रजीवरून करायचे नाही, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून करायचे, आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत. त्यासाठी त्या उतारवयात त्या भाषा शिकल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. जिच्या हाती सगळे सोपवायचे, तीच. त्यानंतरही भाषांतराचे काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई स्वतः गेल्या, तोवर ते चालले होते.

मामा : मनोरमेसाठी ती आई रडली नसेल, मागितलं नसेल? मिळालं नाही. तरी दुसऱ्या दिवशी शब्द तिथेच होते, कागद तिथेच होते. मिळतं म्हणून बसायचं असतं, तर ती उठून गेली असती.

ताई : त्या रमाबाई होत्या. आणि ते काम होतं, मामा. नेम म्हणून त्या डोळे मिटून बसल्या नव्हत्या.

मामा : नेमाने बसल्याशिवाय हिब्रू येत नाही. गणित शिकवलंय मी.

ताई : बरं, मुक्तीचंच घ्या. 1905 मध्ये तिथे जे जागरण झालं, बायका रडल्या, ओरडल्या, अंगात आग उतरल्यासारखं झालं म्हणाल्या, ते काय वेळापत्रकात होतं?

मामा : नव्हतं. पण त्याआधी कित्येक महिने त्या बायका रोज एकत्र जमून प्रार्थना करत होत्या.

ताई : आणि रोज जमणाऱ्या कितीतरी मंडळ्यांत काहीच होत नाही, त्याचं काय? वारा आपल्याला वाटेल तिकडे वाहतो, असं योहानात आहे. तुम्ही शीड उभं केलंत म्हणून तो आला, असं म्हणता येत नाही.

मामा : म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की शीड न बांधणाऱ्याने वाऱ्याला बोल लावू नये.

आता टिळक निघणार हे मला माहीत होते. मराठी ख्रिस्ती घरात धर्मावर बोलणे निघाले आणि टिळक आले नाहीत, असे होत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पण शिस्त या विषयात त्यांची साक्ष काढणे धोक्याचे आहे. खिशातला पैसा टिकत नसे, राग आवरत नसे, मनात येईल तेव्हा उठून जात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची *स्मृतिचित्रे* वाचताना आपण पोट धरून हसतो, ते त्या बाईच्या वाट्याला काय आले हे विसरून. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला आणि दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले.

ताई : म्हणजे आपल्या भजनांतली निम्मी ज्यांच्या घरातून आली, तो माणूस तुमच्या साडेपाचला कधीच टिकला नसता.

मामा : कबूल. पण *ख्रिस्तायन* हे काव्य त्यांनी अर्धवट टाकलं, आणि पुढचे बहुतेक अध्याय कुणी लिहिले?

ताई : लक्ष्मीबाईंनी. पण त्यांच्या मनातली जात बघा. इतकी वर्षं सोवळं पाळणाऱ्या त्या बाईच्या मनातून ते एका विचारासरशी गळून पडलं. नेमाने नाही, झटक्याने.

मामा : गळून पडलं झटक्याने. पण ओवी मागून ओवी म्हातारपणापर्यंत लिहिली, ती झटक्याने नाही. प्रकाश एका क्षणात पडतो, अगं. त्या प्रकाशात काम करायला वर्षं लागतात.

हे वाक्य मला आवडले, आणि मामांनाही आवडले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. म्हणून ताईने ते तसेच सोडले नाही. ती म्हणाली, लक्ष्मीबाईंना कुणी हजेरीला बसवले नव्हते. त्यांचा नेम त्यांचा होता. यावर मामांनी जर्मनीतला दिट्रिश बोनहोफर काढला. 1935 मध्ये फिंकेनवाल्डला पाळक घडवायची शाळा चालवताना तो विद्यार्थ्यांना रोज अर्धा तास एकाच वचनावर गप्प बसवायचा. पोरे कुरकुरायची, झोपायची. कार्ल बार्थसारख्या मोठ्या माणसालाही त्यात मठाचा वास आला. याच बोनहोफरला 1934 मध्ये गांधीजींनी आपल्यापाशी येऊन राहायचे आमंत्रण दिले होते. येणे जमले नाही. 1937 मध्ये नाझी पोलिसांनी शाळा बंद केली, 1945 च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. तुरुंगातही त्याची सकाळची उपासना चालू होती. स्वस्तातली कृपा म्हणजे काय, यावर त्याच्याइतके कडक कुणी लिहिले नाही. हा मुद्दा मामा दर लेंटला सांगतात, त्यामुळे आम्ही सगळे आमटी वाढून घेत होतो.

मामी हात पुसत बाहेर आल्या. फ्रिजवरची एक वही त्यांनी आणून ताईसमोर टाकली. लाल पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले, रबर लावलेली.

"तुमचं झालं असेल तर ह्यातली जरा नावं बघ," त्या म्हणाल्या.

ही वही महिला मंडळाच्या गुरुवारच्या गृहप्रार्थनेची. आठवड्याला एक घर. पानावर तारीख, घर, कुठले स्तोत्र वाचले आणि खाली विनंत्या. त्या विनंत्यांना प्रार्थना म्हणावे की घरची कागदपत्रे, असा प्रश्न पडावा. 'गुडघे. दुसरा मजला, लिफ्ट नाही.' 'मुलगा दुबईला, फोन रविवारी.' 'एकटीच असते, शेजारी बोलत नाही.' 'इन्सुलिन, फ्रिज जुना.' तेलाचे डाग, दोन-तीन हस्ताक्षरे.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरले, व्हीनस कॉर्नरला होड्या चालल्या, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, वीज गेली. तेव्हा या वहीने काय केले, ते आमच्या घरात कुणी फारसे सांगत नाही. मामी मेणबत्तीपाशी बसून पाने उलटत होत्या आणि ज्याचा मोबाइल लागेल त्याला नावे सांगत होत्या. इथे म्हातारी एकटी आहे. इथे जिना आहे, दोघे न्या. इथे फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे, बर्फ बघा. ताई त्या रात्री ड्युटी संपवून थर्मासमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून गेली होती.

मामांना राहवले नाही.

मामा : हेच तर मी सांगतोय! नेमाचं फळ दिसलं की नाही? वर्षानुवर्षं गुरुवार पाळला, म्हणून पुरात उपयोग झाला.

"पुरासाठी नव्हती ठेवली वही," मामी म्हणाल्या. "पूर येणार हे कुणाला ठाऊक होतं? आम्ही आपलं जायचो, बसायचो, दोन गाणी म्हणायचो. कधी कधी तर नुसतं बायकांचं दुखणं ऐकून यायचो. कंटाळा पण यायचा. खोटं कशाला बोलू?"

ताई : आणि ह्यात हजर-गैरहजरचा रकाना नाही, मामा. बघा. आल्या त्यांची नावंच नाहीत. ज्यांच्याकडे गेल्या, त्यांचीच आहेत.

मामांनी चष्मा लावून वही बघितली. खरेच नव्हता.

मामा : तरी दर गुरुवारी गेल्याच ना? वाटेल तेव्हा गेल्या असत्या, तर ही वही झाली असती?

ताई : नसती झाली. ते मी मान्य करते. पण तुम्ही ग्रुपवर जे मागता ते वेगळं आहे.

वाद इथे मिटला, असे लिहिले तर ते खोटे होईल. मामा अजूनही ग्रुपवर वाचन टाकतात. 'झाल्यावर कळवावे' एवढे मात्र त्यातून गेले आहे. ताईचा नाइटनंतरचा राग गेलेला नाही. रिकाम्या बेडचा प्रश्न तर कुणीच सोडवला नाही, आणि मामांच्या पाठांतराने तो सुटेल असे मला वाटत नाही. मला विचाराल तर नेमावर माझा विश्वास मामांमुळे बसत नाही, मामींमुळे बसतो. आणि त्या नेमावर पहारा ठेवायला ताईसारखे कुणीतरी घरात लागतेच.

जेवणे झाल्यावर मामी ताईला म्हणाल्या, "तुझी सुट्टी गुरुवारी येईल तेव्हा ये माझ्याबरोबर. तीन घरांचे जिने मला आता चढवत नाहीत."

"मी येऊ का?" मामांनी विचारले.

"तुम्ही आलात की प्रवचन होतं."

ताईने वहीतले रबर काढले आणि पेन मागितले. पाने चाळता चाळता ती एका नावापाशी थांबली. "मामी, ह्यांना आता इन्सुलिन नाही, गोळ्या सुरू केल्यात. आणि ह्यांचा पत्ता बदललाय, मुलीकडे गेल्यात, उचगावला. हे खोडते."

"खोडू नको," मामी म्हणाल्या. "खाली नवीन पत्ता लिही. तिथंही जायचंय."